मुकादम, पाहुणा आणि मधली काच

सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणायची आणि त्यांच्या बायकोला ताई. नवरा भाऊ आणि बायको ताई, यावर जेवढे विनोद करता येतात तेवढे सगळे करून लोक केव्हाच दमले होते. भाऊ हे दुकानातलं नाव. काचेच्या दुकानाचा मालक म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ. तो दादा, म्हणून हाताखालचे हे भाऊ. आणि ताई पाळणाघरात कामाला होत्या. तिथली पोरं आणि पोरांच्या आया त्यांना ताई म्हणत. घरात दोघं एकमेकांना 'अहो' आणि 'अगं' म्हणत, आणि तेवढ्यावर त्यांचा संसार बरा चालला होता.

काच कापणं बघणाऱ्याला फार सोपं वाटतं. टेबलावर जुनं कांबळं अंथरलेलं असतं, त्यावर काच, काचेवर पट्टी, आणि पट्टीच्या कडेने हिरा ओढायचा. एकदाच ओढायचा, एका दमात. मग टेबलाच्या कडेला धरून हलका दाब दिला की काच सांगितल्या जागी तुटते. भाऊंची तुटायची. त्यांनी कापलेल्या काचेची कड हाताला लागत नसे, आणि त्यांनी पुसलेल्या काचेवर माशी येऊन आपटायची. आपली काच दिसत नाही, ही त्यांच्या आयुष्यातली एकुलती एक फुशारकी. बाकी फुशारकी मारावी असं त्यांच्या आयुष्यात दादाने काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

दादाबद्दल मला बरं बोलता येत नाही, आणि मी प्रयत्नही करणार नाही. भाऊ शाळा सोडून दुकानात आले तेव्हा त्यांची मिसरूडही फुटली नव्हती. काच वाकडी तुटली की दादा लोखंडी पट्टी बोटांच्या सांध्यांवर मारायचा. गिऱ्हाईक समोर असलं तर जरा जोरात, म्हणजे गिऱ्हाइकालाही कळावं की दुकानात शिस्त आहे. एकदा भाऊ पळून गेले आणि दुसऱ्या एका कारखान्यात आरशांच्या चौकटी ठोकायच्या कामाला लागले. तिथे कुणी त्यांच्यावर हात उगारत नव्हतं. जेवायच्या सुट्टीत लोक त्यांना हाक मारून आपल्यात बसवून घेत. हे सगळं इतकं नवीन होतं की त्यांना धड झोप लागेना. मग आई आली. चौकटी ठोकत असलेल्या मुलाचा हात धरला आणि त्याला परत दादाच्या दुकानात आणून सोडलं. वाटेत एवढंच म्हणाली की सख्खा भाऊ आहे, मारला तर मारला, सवय होईल.

आणि खरोखरच झाली. सवय होणं ही भाऊंना चांगली जमलेली गोष्ट. आता दादाचे केस पांढरे झाले होते, पट्टी उचलायला खांदा साथ देत नव्हता, पण गिऱ्हाइकासमोर तो अजून त्यांची ओळख 'आमचं गाढव' अशी करून द्यायचा आणि भाऊ गिऱ्हाइकाबरोबर हसायचे. उजव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नसत. त्यांची सवय झाली होती. ताईंना मात्र त्या बोटांची सवय कधीच झाली नाही. भात कालवताना नवऱ्याचा हात बघितला की त्या दुसरीकडे बघायच्या.

त्यांना एकुलता एक मुलगा होता, बाबू. पोरगा हळवा होता आणि हात चांगला होता. स्वयंपाक शिकला आणि एका मालवाहू जहाजाच्या भटारखान्यात मदतनीस म्हणून लागला. जायच्या आधीच्या वर्षी त्याने घरात मासे आणले होते. टाकी अर्थात भाऊंनी केली. अशी टाकी दुकानात विकत मिळत नाही, असं फिश टँकवालासुद्धा म्हणाला. दोन ऑस्कर मासे, अंगठ्याएवढे, काळे आणि नारिंगी डाग असलेले. ते वाढत वाढत वीतभर झाले आणि वाढताना एक जरा जास्त वाढला. तो दिवसभर टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहणी करत हिंडायचा, म्हणून बाबूने त्याचं नाव मुकादम ठेवलं. दुसरा कोपऱ्यात, फिल्टरच्या मागे, चोरट्यासारखा उभा असायचा. दाणे टाकले की मुकादमाचं झाल्यावर जेवायचा. तो पाहुणा. बाबू जहाजावर गेल्यावर दाणे टाकायचं काम भाऊंकडे आलं आणि त्यांना माशांचा लळा लागला. दुकानातून आले की चपला काढायच्या आधी टाकीसमोर उभे राहायचे.

बाबू करार संपायच्या आधीच घरी आला. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. शीतखोलीचं जड दार हातावर लागलं, असं त्याने सांगितलं आणि आईने त्याला पुढे काही विचारलं नाही. फक्त त्याचा चेहरा जरा जास्त वेळ बघितला. पाळणाघरात दिवसभर बोलता न येणारी पोरं सांभाळणाऱ्या बाईला तेवढं पुरतं.

घरात येऊन बाबूने टाकी बघितली आणि पिशवी खांद्यावरून न उतरवताच खाली बसला. पाहुण्याची शेपटी फाटून चिंध्या झाली होती. एका कुशीवरचे खवले गेले होते, आणि एका डोळ्यावर पांढरट साय धरली होती. भाऊंनी बघितलं नव्हतं असं नाही. रोज बघत होते. पण दोघं भांडतात, भांडतील आणि शांत होतील, असं ते धरून चालले होते. बाबूने डाव्या हाताने जाळी घातली, पाहुण्याला बाहेर काढलं आणि न्हाणीघरातल्या निळ्या टबात सोडलं. पाण्यात मीठ विरघळवलं, हवेची नळी सोडली, वर जुनी जाळी बांधली, नाहीतर मासा उडी मारतो. तेव्हापासून ताई आणि भाऊ टबाला वळसा घालून अंघोळ करू लागले.

पुढचे काही आठवडे घरात दोन आजारी होते आणि दोघं एकमेकांची काळजी घेत होते, असं ताई म्हणायच्या. बाबू रोज टबातलं थोडं पाणी काढायचा, थोडं नवं भरायचा. एका हाताने बादली उचलवत नाही म्हणून भाऊ दुसरीकडून धरायचे. माशाची शेपटी भरून येते ती आधी कडेला येते, आणि नवा भाग अगदी पारदर्शक असतो, त्याला रंग नंतर चढतो. भाऊंना याचं फार कौतुक वाटलं. डोळ्यावरची साय गेली. पाहुणा टबात ऐसपैस हिंडू लागला आणि बाबूच्या बोटांतून दाणा घेऊ लागला. आधी कधी त्याने असा दाणा घेतला नव्हता. फिल्टरच्या मागे उभ्या राहणाऱ्या या माशाला स्वभाव आहे, हे घरात तेव्हा कळलं.

असंच एकदा सकाळी बादली धरलेली असताना बाबू खाली बघत म्हणाला, "दार लागलं नाही बाबा. लावलं."

भाऊंनी बादली खाली ठेवली. मग बाबूने थोडक्यात सांगितलं. मोठा आचारी. केबिन एकच, भटारखाना एकच, जेवायचं टेबल एकच. आधी नुसते टोमणे होते, मग झारा, मग पाणी उकळतं असताना मागून धक्का. बोटीवरून माणूस जाणार कुठे? सांगताना बाबू माशाकडे बघत होता आणि भाऊ प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांच्या टोकांकडे. आपली बोटं त्यांनी पाठीमागे नेली, का ते त्यांनाही कळलं नाही.

"दुकानात हाताखाली कुणी लागत नाही का?" बाबूने विचारलं. अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

भाऊंच्या डोळ्यांसमोर दादा आला, पट्टी आली, 'आमच्या गाढवाचं शिंगरू' ही नवी ओळख आली. "दादापेक्षा तुझा आचारी बरा," ते म्हणाले. यावर दोघंही हसले. तो विनोद होता हे खरं, पण उत्तरही तेच होतं, आणि ते दोघांना कळलं. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून भाऊ म्हणाले, "होते रे सवय."

प्लास्टर निघालं. बोटीच्या एजंटाचा फोन आला की तेच जहाज, तीच जागा, पुढच्या बंदरावर चढायचं; नाही म्हटलं तर पुन्हा विचारणार नाहीत. मोठ्या आचाऱ्याला कप्तानाने तंबी दिली आहे, तो आता अंगाला हात लावणार नाही, असंही एजंट म्हणाला. बाबू दोन दिवस कुणाशी बोलला नाही. ताईंनी नवऱ्याला एकदा बाजूला घेऊन सांगितलं की त्याला पाठवू नका. भाऊ म्हणाले की मी कुठे पाठवतोय, तो जातोय. हे वाक्य बोलून त्यांना हलकं वाटलं. खरं सांगायचं तर बाबू दारात चपला घालत असतानासुद्धा बापाच्या तोंडाकडे बघत होता. बाप एक शब्द बोलला असता तर पिशवी परत आत आली असती. बापाने रुमाल घेतला का, एवढंच विचारलं.

जाताना बाबूने एक गोष्ट मात्र सांगितली. पाहुण्याला परत त्या टाकीत सोडू नका, जमलं तर त्याला वेगळी टाकी करा.

वेगळी टाकी करणं भाऊंच्या हातचा मळ होता. पाच काचा, सिलिकॉन आणि एक सुट्टीचा दिवस. जागेची अडचण सांगावी तर पलंगाखालच्या ट्रंका हलवून जागा झाली असती. ताई म्हणाल्याच की मी ट्रंका माझ्या बहिणीकडे ठेवते. पण भाऊंच्या डोक्यात भलतंच होतं. त्यांचं म्हणणं असं की वेगळं वेगळं किती दिवस ठेवणार? एकदा पळून गेलेला प्राणी आयुष्यभर पळतच राहतो. दोघांना एका पाण्यात ठेवावं, मध्ये काच असावी, म्हणजे अंगाला धक्का लागणार नाही. रोज एकमेकांची तोंडं बघून बघून सवय होईल. मग एक दिवस काच काढून घ्यायची.

फिश टँकवाल्याने प्लास्टिकची जाळी दाखवली, तेव्हा भाऊ त्याच्यावर हसले. काचवाल्याच्या घरी प्लास्टिक? त्यांनी दुकानातली सगळ्यात स्वच्छ काच निवडली, जिच्यात हिरवी झाकसुद्धा नव्हती. कडा दगडावर घासून गुळगुळीत केल्या. दोन्हीकडचं पाणी खेळतं राहावं म्हणून तिला खालून आणि वरून बारीक भोकं पाडली, एकही तडा न जाता. तेवढ्यात दादा येऊन म्हणाला की गाढव आता माशांची घरं बांधायला लागलं. भाऊ हसले आणि काम करत राहिले. दोन्हीकडे हवेच्या वेगळ्या नळ्या सोडल्या. दाणे दोन्हीकडे वेगळे. सगळ्याचा विचार केला होता. काच बसवल्यावर ती दिसत नव्हती. ताईंनी टाकीत बोट घालून ती कुठे आहे ते चाचपून बघितलं.

मग पाहुण्याला टबातून काढून त्याच्या बाजूला सोडलं.

मुकादमाने त्याला बघितलं आणि सरळ धाव घेतली. थड्. तोंड काचेवर आपटलं. पाहुणा मागे उडाला आणि कोपऱ्यात जाऊन चिकटला. मुकादम पुन्हा मागे गेला आणि पुन्हा आला. थड्. भाऊंनी टाळी वाजवली. बघ, म्हणाले, आपटू दे त्याला, काय होतंय? आणि खरंच काही झालं नाही. पाहुण्याच्या अंगावर ओरखडाही उमटला नाही. मुकादम दिवसभर आपटत राहिला, जेवायला थांबला, पुन्हा आपटू लागला. पुढे पुढे तो आपटेनासा झाला. नुसता काचेला तोंड लावून उभा राहायचा आणि बघायचा. भाऊंना वाटलं, झाली सवय.

ताईंना तसं वाटलं नाही. पाहुण्याचे नारिंगी डाग विझल्यासारखे झाले होते. टाकलेले दाणे त्याच्या बाजूला तळाशी तसेच पडून फुगायचे. ज्याने बाबूच्या बोटातून दाणा घेतला होता तो आता ताईंचं बोट आलं की भिंतीत शिरायला बघायचा. ताईंनी एक दिवस जुना टॉवेल कापून काचेच्या वरून मध्ये सोडला. संध्याकाळी भाऊंनी तो पिळून वाळत टाकला.

"पाळणाघरात चावणारं पोर आणि चावलेलं पोर आम्ही समोरासमोर बसवत नाही," ताई म्हणाल्या. "मध्ये मी बसले तरी नाही. चावलेल्याला घास गिळत नाही."

भाऊ म्हणाले की पोरं वेगळी आणि मासे वेगळे.

"त्याला काढा नाहीतर काच झाका."

झाकली तर सवय कशी होणार, असं भाऊंनी समजावून सांगितलं. त्यांच्या आवाजात चीड नव्हती, उलट मायाच होती. दादाच्या दुकानात सुरुवातीला माझ्याही गळ्याखाली भाकरीचा तुकडा उतरत नव्हता, असंही ते म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे त्यांनी आज पहिल्यांदा सांगितलं. ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग आत निघून गेल्या. त्यानंतर त्यांनी टॉवेलाचं नाव काढलं नाही.

पाहुणा गेला तो सुट्टीच्या दिवशी सकाळी. एका अंगावर तरंगत होता. भाऊंनी त्याला दोन्ही हातांवर घेतलं आणि खिडकीच्या उजेडात नेलं. काहीतरी सापडेल म्हणून त्यांनी चष्मा लावला. शेपटी अखंड होती. बाबूने वाढवलेला भाग आता रंगही धरू लागला होता. खवले जागच्या जागी, डोळा लख्ख. उलटसुलट करून बघितलं. कुठे काही लागलेलं नव्हतं. त्यांनी आयुष्यभर काचा अशाच उजेडात धरून तपासल्या होत्या आणि दोष नसलेली काच बघून त्यांना समाधान वाटायचं. आज त्यांनी चष्मा पुसून मासा पुन्हा उजेडात धरला. मागे टाकीत मुकादम पलीकडच्या रिकाम्या पाण्याकडे बघत काचेला तोंड लावून उभा होता.

दुपारी बाबूचा फोन आला. जहाज कुठल्या तरी बंदराच्या जवळून चाललं होतं म्हणून लागला. ताई भांडी घासत होत्या. त्या हात न पुसता दारात येऊन उभ्या राहिल्या. भाऊंनी विचारलं की सगळं ठीक ना, त्रास नाही ना?

"नाही," बाबू म्हणाला. "आता अंगाला हात लावत नाही. कप्तानाला घाबरतो."

"मग बरंय."

"हो. नुसता बघत असतो." थोडा वेळ फोनमध्ये वारा ऐकू आला. "काम करताना बघतो. जेवताना समोर बसतो आणि बघतो. झोपलो की वरच्या बर्थवरून बघतो. बोलत नाही काही."

भाऊंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "जेवतोस ना?"

"भूक नसते फारशी. होईल सवय." मग त्याचा आवाज जरा उजळला. "पाहुणा कसाय? केलीत टाकी?"

भाऊंसमोर वर्तमानपत्रावर पाहुणा होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांना खोटं बोलता येत नसे, दादासमोरसुद्धा आलं नव्हतं.

"अंगावर एक ओरखडा नाही त्याच्या," ते म्हणाले.

बाबू हसला. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखा तो आवाज होता. मग नुसता वारा होता, लांबवर कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं, आणि बाबू श्वास घेत होता. तो वाट बघत होता. दारात चपला घालताना बघितली होती, तशीच. भाऊंच्या तोंडात तो शब्द आला होता, फक्त एक शब्द, तोही दोन अक्षरांएवढा नाही. तो उच्चारायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना स्वतःला तो कुणी कधी म्हटलाच नव्हता. शेवटी फोन कटला. त्यांनी पुन्हा लावला, तो लागला नाही.

ताई दारातच होत्या. हातावरचा फेस वाळला होता.

"ये म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"फोन कटला," भाऊ म्हणाले.

ताईंनी सगळं ऐकलं होतं. त्या आत गेल्या, तोच जुना टॉवेल घेऊन आल्या आणि वर्तमानपत्रावरच्या माशावर नीट, चारी बाजूंनी पांघरला.